चौदावा रकाना: तीव्र रक्तकर्करोगाच्या एका रुग्णाची शुश्रूषा-योजना

आमच्या वॉर्डात शुश्रूषा-योजनेचा जो फॉर्म आहे, त्यावर चौदा रकाने आहेत. या रुग्णाच्या फॉर्मवरचे तेरा पहिल्याच रात्री भरले गेले. चौदावा होता 'रुग्णाला काय महत्त्वाचं वाटतं'. बाराव्या दिवशी त्यांना आयसीयूत हलवलं तेव्हाही तो कोराच होता. त्या कोऱ्या रकान्याचा आणि आयसीयूचा संबंध आम्हाला बराच उशिरा लागला.

ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि रुग्णाच्या मुलाच्या संमतीने हे लिहिते आहे. मी त्या वॉर्डात शुश्रूषा समन्वयक होते. वॉर्डात सगळे त्यांना काकू म्हणत, म्हणून इथेही तेच म्हणते.

पार्श्वभूमी

काकू ६३ वर्षांच्या, हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेल्या. तीन आठवडे थकवा, मग हिरड्यांतून रक्त, पायांवर बारीक लाल ठिपके, आणि शेवटचे दोन दिवस जिना चढताना धाप. त्या आल्या तेव्हा पांढऱ्या पेशी १,३८,०००, हिमोग्लोबिन ६.८, प्लेटलेट १९,००० होत्या. रक्ताच्या काचपट्टीवर चारातल्या तीन पेशी कच्च्या, म्हणजे ब्लास्ट. अस्थिमज्जा तपासणीत निदान पक्कं झालं: तीव्र मायलॉइड ल्युकेमिया.

घरी पती आणि त्या, दोघंच. मुलगा परगावी, तो दुसऱ्या दिवशी पोहोचला. फॉर्मवर 'कौटुंबिक माहिती'च्या रकान्यात लिहिलं गेलं: 'विवाहित. पती घरी. मुलगा निर्णय घेतो.' यातलं शेवटचं वाक्य कुणी आणि कशावरून लिहिलं, ते आजही कुणाला सांगता येत नाही.

पहिली रात्र

पांढऱ्या पेशी लाखावर गेल्या की रक्त घट्ट होतं आणि कच्च्या पेशी फुप्फुसातल्या, मेंदूतल्या बारीक वाहिन्यांत अडकतात. काकूंची धाप त्यातलीच होती. अशा वेळी वरवर पाहता योग्य वाटणाऱ्या काही गोष्टी टाळाव्या लागतात, आणि त्या रात्री टीमने त्या टाळल्या. हे सांगायलाच हवं, कारण पुढे बरंच चुकलं.

हिमोग्लोबिन ६.८ पाहून हात आपसूक रक्ताच्या पिशवीकडे जातो. पण आधीच दाटलेल्या रक्तात लाल पेशी ओतल्या तर ते आणखी दाटतं. म्हणून आधी पांढऱ्या पेशी खाली आणायच्या ठरल्या, आणि रक्त नंतर, सावकाश. पोटॅशियमचा पहिला आकडा आला ६.४, म्हणजे धोक्याइतका जास्त. रात्रपाळीच्या सिस्टरने विचारलं, "नमुना वाऱ्याच्या नळीतून पाठवला होता का?" तसाच, हवेच्या दाबाने नमुने प्रयोगशाळेत ढकलणाऱ्या नळीतून पाठवला होता. इतक्या संख्येने असलेल्या नाजूक पेशी नळीच्या धक्क्यांनी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम नमुन्यात सांडतं. दुसरा नमुना ती स्वतः हातात घेऊन गेली. आकडा आला ४.१. पहिल्या आकड्यावर उपचार झाले असते तर पोटॅशियम नको इतकं खाली गेलं असतं. ऑक्सिजनचंही तसंच. धमनीतल्या रक्ताच्या नमुन्यात या पेशी यंत्रापर्यंत पोहोचायच्या आतच ऑक्सिजन खाऊन टाकतात, म्हणून बोटावरच्या यंत्रावर भरवसा ठेवला.

पांढऱ्या पेशी उतरवणारं हायड्रॉक्सियुरिया सुरू झालं, सलाइन सुरू झालं. युरिक ॲसिड चढलेलं होतं, तेव्हा जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता नाही (असली तर हे औषध लाल पेशी फोडतं) हे पाहून ते उतरवणारं रासबुरिकेज दिलं आणि त्यानंतरचे युरिक ॲसिडचे नमुने बर्फात पाठवले, नाहीतर नमुन्यातही ते औषध काम करत राहतं आणि आकडा खोटाच खाली दिसतो. या आजाराचा प्रोमायलोसायटिक प्रकार नाही याची खात्री त्याच रात्री करून घेतली, कारण त्याचे उपचार वेगळे आणि ते तासांत सुरू करावे लागतात. यंत्राने पांढऱ्या पेशी काढून टाकायच्या का, यावर चर्चा झाली. त्याने माणसं जास्त जगतात असा ठोस पुरावा नाही, मोठ्या शिरेत जाड नळी (लाइन) घालावी लागते आणि प्लेटलेट १९,०००. सकाळपर्यंत थांबायचं ठरलं. सकाळी पेशी ९६,०००वर आल्या, धाप कमी झाली, तो विषय मिटला.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट झाली, तेव्हा अगदी किरकोळ वाटलेली. सिस्टरने काकूंची औषधांची थैली तपासली. ॲस्पिरिन काढून घेतलं, आयबुप्रोफेनची पट्टी काढून घेतली, कारण दोन्हींनी रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉलची पट्टी तशीच राहू दिली. प्लेटलेटच्या बाजूने ती निरुपद्रवी. आम्ही थैलीकडे फक्त रक्तस्रावाच्या नजरेने पाहिलं.

पर्याय

तिसऱ्या दिवशी उपचारांची दिशा ठरवायची होती. समोर दोन वाटा होत्या.

पहिली, १९७३ पासून चालत आलेली 'सात अधिक तीन' ही कडक केमो: सायटाराबिन सात दिवस अखंड, डॉनोरुबिसिन पहिले तीन दिवस. पूर्ण आराम (आजार तपासणीत दिसेनासा होणं) मिळण्याची शक्यता चांगली, पण तीन ते चार आठवडे पांढऱ्या पेशी जवळपास शून्यावर आणि तोवर रुग्णालयातच मुक्काम. दुसरी वाट व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या आणि ॲझासिटिडीनची इंजेक्शनं. ७५ च्या पुढच्या किंवा कडक केमो न झेपणाऱ्या रुग्णांमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नुसत्या ॲझासिटिडीनवर निम्मे रुग्ण ९.६ महिन्यांपेक्षा जास्त जगले, तर दोन्ही एकत्र दिल्यावर निम्मे १४.७ महिन्यांपेक्षा जास्त. ही वाट मऊ, पण काकू त्या गटातल्या नव्हत्या. हृदयाची क्षमता ५८ टक्के, म्हणजे सामान्य, मूत्रपिंडं ठीक, तोवर स्वतःच्या पायांनी सगळं करणाऱ्या.

जनुकीय तपासण्यांचा निकाल येईपर्यंत थांबावं का, हा खरा वादाचा मुद्दा होता. रुग्ण स्थिर असेल तर काही दिवस थांबलं म्हणून बिघडत नाही. काकू पहिल्या रात्री ज्या अवस्थेत आल्या होत्या, ती पाहता कुणाचीच थांबायची तयारी नव्हती. सात अधिक तीन ठरलं. मला आजही तो निर्णय बरोबर वाटतो.

निर्णयापेक्षा तो ज्या पद्धतीने झाला ती खटकते. बैठक मुलाबरोबर झाली, डॉक्टरांच्या खोलीत. मुलगा म्हणाला, "जे करायचं ते सगळं करा." मग सगळे काकूंच्या पलंगाशी आले आणि त्यांना ठरलेलं सांगितलं. त्यांनी संमतीपत्र ओळ न् ओळ वाचलं, सही केली आणि एकच प्रश्न विचारला.

"किती दिवस, डॉक्टर?"

"साधारण चार आठवडे धरा."

उशाखालची छोटी वही काढून त्यांनी '२८' लिहिलं आणि त्याभोवती गोल केला. आम्हाला कौतुक वाटलं. शहाणा रुग्ण, लिहून ठेवतो. त्या आकड्याला गोल कशासाठी, हे तिथे उभ्या असलेल्या पाचांपैकी एकानेही विचारलं नाही. त्या पाचांत मीही होते.

योजना

कागदावर योजना चांगली होती. दंडातून छातीपर्यंत जाणारी लाइन, कारण डॉनोरुबिसिन शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते. औषधाचा रंग लाल, लघवीही लाल होईल, घाबरू नका, हे आधीच सांगितलं. प्लेटलेट १०,०००च्या खाली गेल्या की द्यायच्या. स्नायूत इंजेक्शन नाही, एनिमा नाही, गुदद्वारातून तापमान नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिवसातून सहा वेळा. सगळं रक्त आधी किरणांखालून काढलेलं, म्हणजे त्यातल्या दात्याच्या पांढऱ्या पेशी निष्क्रिय.

नात्यातले लोक रक्त द्यायला रांग लावून उभे होते, त्यांना परत पाठवणं अवघड गेलं. पुढे अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाची वेळ आली तर दाता बहुधा भावंडांतूनच निघणार, आणि त्यांचं रक्त आधीच दिलं तर काकूंचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवून बसण्याचा धोका. काकूंचा भाऊ रागावला होता. "सख्ख्या भावाचं रक्त चालत नाही म्हणजे काय?" त्याला बसवून समजावलं, तेव्हा त्याने दुसऱ्या रुग्णांसाठी रक्त दिलं.

पाचव्या दिवशी निकाल आला: एफएलटी-३ जनुकात आयटीडी प्रकारचा बदल, एनपीएम-१ नाही, गुणसूत्रं सामान्य. मध्यम जोखीम. आठव्या दिवसापासून एफएलटी-३ च्या बदलावर काम करणारं मिडोस्टॉरिन सुरू करायचं ठरलं. बुरशीविरोधी गोळ्यांपैकी काही या औषधाची रक्तातली पातळी चढवतात, म्हणून बुरशीसाठी गोळीऐवजी रोजचं इंजेक्शन निवडलं.

तापाची ओळ अशी होती: 'एकदा ३८.३ (१०१ फॅरनहाइट) किंवा तासभर ३८ (१००.४) च्या वर असेल तर कल्चर, आणि ६० मिनिटांत अँटिबायोटिक.' (कल्चर म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी.) बऱ्याच ठिकाणी हाच उंबरठा वापरतात, वॉर्डातल्या प्रत्येकाला तो तोंडपाठ आहे. आम्ही नेमके त्याच्याच भरवशावर राहिलो.

बारावी रात्र

न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ४०. म्हणजे नसल्यात जमा.

रात्री दोनला तापमान ३७.६, नाडी १०४. पहाटे सहाला तापमान ३७.२, नाडी ११८, रक्तदाब ९८/६०. नोंद: 'ताप नाही. रुग्ण झोपलेला.' वॉर्डात त्या रात्री आठ रुग्णांमागे एक सिस्टर होती, आणि तिसऱ्या पलंगावरच्या माणसाच्या नाकातून रक्त थांबत नव्हतं. नोंद खोटी नव्हती. ताप खरंच नव्हता.

पावणेआठला पाळी बदलताना दिवसाच्या सिस्टरने काकूंचा हात हातात घेतला. बर्फासारखा गार. पांघरूण बाजूला केलं तर गुडघ्यांवर जांभळट जाळी. तिने तापमापक बाजूला ठेवला आणि थेट विचारलं, "काकू, रात्री थंडी वाजली का?"

काकू गप्प. मग उशाखाली हात.

वहीत बारीक, सरळ अक्षरात लिहिलेलं होतं: '३.१०. हुडहुडी, १० मि. गोळी १.' त्याच्या वर, आदल्या दुपारची ओळ: '४.००. कणकण. गोळी १.' गोळी म्हणजे थैलीतली पॅरासिटामॉल; तिने ताप दाबला होता.

८.०५ला लाइनमधून आणि हातातून कल्चर घेतले, ८.१२ला पहिलं अँटिबायोटिक गेलं. पहिल्या हुडहुडीपासून पाच तास. लॅक्टेट ५.१, म्हणजे अवयवांना रक्त पुरत नव्हतं. सलाइनने दाब उचलला नाही, दहाला आयसीयू, दाब वाढवणारं नॉरॲड्रेनॅलिन. दोन्ही कल्चरमध्ये जवळपास एकाच वेळी क्लेब्सिएला हा जंतू वाढला, म्हणजे उगम लाइनमध्ये नसावा, केमोने सोललेल्या आतड्यातून जंतू रक्तात उतरले असावेत. मिडोस्टॉरिन थांबवलं.

चार दिवस त्या आयसीयूत होत्या. व्हेंटिलेटर लागला नाही.

वहीमागचं कारण

आयसीयूतून परतल्यावर मी त्यांच्याजवळ बसले, हातात फॉर्म न घेता. गोळी का घेतलीत, असा जाब नव्हता विचारायचा, म्हणून म्हटलं, "त्या २८ ला गोल का केला होता तुम्ही?"

पतींना सहा वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. ते काकूंच्या हातूनच खातात, बाहेरच्या माणसाला पाहून दार लावून घेतात. काकूंनी एका ओळखीच्या बाईंना त्यांच्याजवळ राहायला तयार केलं होतं, अठ्ठावीस दिवसांसाठी. एकोणतिसाव्या दिवशी त्या बाई जाणार होत्या. शेजारच्या पलंगावरच्या रुग्णाला ताप आला आणि त्याचा मुक्काम दहा दिवस लांबला, हे काकूंनी ऐकलं होतं. हिशेब सरळ होता. ताप आला तर दिवस वाढतात, म्हणून ताप येऊ द्यायचा नाही.

"मुलाला सांगितलंत का?"

"त्याला सांगितलं तर तो ह्यांना कुठल्या तरी संस्थेत ठेवेल. मी परत येईपर्यंत ह्यांनी मला ओळखलं नाही तर?"

'पती घरी' या आमच्या नोंदीमागे एवढं सगळं होतं. आम्ही तिचा अर्थ 'घरी सांभाळायला माणूस आहे' असा लावला होता. खरं तर सांभाळायची गरज त्या माणसालाच होती.

नंतर

समाजसेवा विभागाने दोन दिवसांत पतींसाठी आळीपाळीने माणसं ठरवली, मुलाशी बोलणं काकूंच्या समोर झालं, आणि रोज संध्याकाळी पतींना व्हिडिओवर आणायचं ठरलं. सत्ताविसाव्या दिवशी न्यूट्रोफिल हजाराच्या वर गेले. एकतिसाव्या दिवशीच्या अस्थिमज्जेत ब्लास्ट ५ टक्क्यांच्या खाली, प्लेटलेट लाखावर: पूर्ण आराम. चौतिसाव्या दिवशी घरी.

पुढची वाट कठीण होती. या जनुकीय चित्रात पहिल्या आरामातच दात्याकडून प्रत्यारोपण करावं, असं बैठकीत बहुतेकांचं मत पडलं. भाऊ जुळत होता. पण प्रत्यारोपणानंतर साधारण शंभर दिवस केंद्राजवळ राहावं लागतं आणि जंतुसंसर्गाच्या भीतीने घरातला वावरही मर्यादित. या वेळी काकू बैठकीत बसल्या होत्या. त्यांनी वहीत दोन रकाने आखले आणि डॉक्टरांना दोन्हींचे आकडे विचारले. आठ दिवस घेतले आणि प्रत्यारोपण नको म्हणाल्या. सायटाराबिनचे आणखी तीन फेरे, सोबत मिडोस्टॉरिन, प्रत्येक फेऱ्यानंतर घरी.

आराम दहा महिने टिकला. आजार परतला तेव्हा त्यांनी जिल्टेरिटिनिबच्या गोळ्या घेतल्या, रक्त चढवायला तेवढं दिवसापुरतं यायच्या. आयसीयू नको, हे स्वतःच्या हाताने लिहून दिलं. त्यानंतर साडेपाच महिने, त्यातले बहुतेक घरी. पती शेवटपर्यंत त्यांच्याच हातून जेवत होते, असं मुलाने सांगितलं.

काय वेगळं करता आलं असतं

गोळ्यांची पट्टी काढून घ्यायला हवी होती, हे उघड आहे. आता काढून घेतो, आणि का घेतो तेही सांगतो: ताप हा आमचा एकमेव पहारेकरी आहे, त्याला झोपवू नका. पण नुसती पट्टी काढून भागलं नसतं असं मला वाटतं. ज्या बाईला अठ्ठाविसाव्या दिवशी घरी जायचंच आहे, ती हुडहुडी पांघरुणाखाली दाबून ठेवेल.

तापाच्या ओळीत आम्ही भर घातली. हुडहुडी, नाडी ११० च्या वर, दाबात २० ची घसरण किंवा 'बरं वाटत नाही' हे रुग्णाचे शब्द, यांतलं काहीही एक असलं तर तापमान कितीही असो, कल्चर आणि अँटिबायोटिक. याने काही जणांना विनाकारण अँटिबायोटिक जातं, आणि त्यावर जंतुसंसर्ग विभागाशी आमचं भांडण अजून चालू आहे. त्यांचाही मुद्दा खोटा नाही.

रात्रपाळीच्या सिस्टरला या प्रकरणात जाब विचारला गेला, ते चुकीचं होतं. तिने लिहून दिलेली योजना तंतोतंत पाळली. अनुभवी सिस्टरने नाडीवरून ओळखलं असतं, असं कुणी म्हणालं. कदाचित. पण आठ रुग्ण असताना पहाटे सहाला जिला अनुभवावर विसंबून राहावं लागतं, तिच्या हातातली योजना अपुरीच म्हणायची.

उपशामक विभागाला, म्हणजे वेदना, त्रास आणि मनाचा भार हलका करणाऱ्यांना, आम्ही आजार परतल्यावर बोलावलं. ते पहिल्या आठवड्यातच यायला हवे होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, चार रुग्णालयांतल्या १६० रुग्णांच्या अभ्यासात, कडक केमो घेणाऱ्या याच आजाराच्या रुग्णांना सुरुवातीपासून हा आधार मिळाला तेव्हा त्यांची जगण्याची प्रत सुधारली आणि नैराश्य, चिंता कमी झाली. आमच्याकडे मात्र 'उपशामक' म्हटलं की नातेवाईकच काय, डॉक्टरही दचकतात.

प्रत्यारोपणाबद्दल आमच्यात एकमत नाही. मुख्य डॉक्टरांचं म्हणणं, पतींची सोय पहिल्या आठवड्यात लागली असती आणि काकूंनी ती दोन महिने चालताना पाहिली असती, तर त्या शंभर दिवसांना हो म्हणाल्या असत्या. मला तसं वाटत नाही. पण त्यांना तो निर्णय आठ दिवसांत घ्यावा लागला, आणि त्यांचे चौतीस दिवस आम्ही वापरलेच नव्हते, हे मला खोडून काढता येत नाही.

चौदावा रकाना आता फॉर्मवर पहिला आहे, आणि त्याचे शब्द बदलले आहेत: 'तुम्ही इथे असताना घरी कुणाचं अडतं?' तो दाखल झाल्यापासून ४८ तासांत भरायचा, नातेवाईक खोलीत नसताना. बहुतेकदा तो रात्रपाळीची सिस्टरच भरते. दिवसा विचारलं तर लोक 'कुणाचं नाही' म्हणतात.